कप्तानाची कारवानी

माझी पलटण बेळगाव स्टेशनातून लढाईला निघाली, त्या सकाळी मी इस्पितळात पोटावर सुई टोचून घेत होतो. बँडचा आवाज खिडकीतून आत येत होता. कंपाउंडर म्हणाला, "हलू नकोस." मी हललो नाही. सुई तंबूच्या खुंटीएवढी होती. ज्याला पटत नसेल त्याने एकदा कुत्रं चावून घ्यावं आणि स्वतः मोजून बघावी.

मला चावलेलं कुत्रं पिसाळलेलं होतं की नव्हतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. कँपातल्या बाजारात ते माझ्या पोटरीला डसलं आणि पसार झालं. ते वाघाएवढं होतं. सिदू म्हणायचा, मांजराएवढं. सिदू नेमबाजीत कंपनीत पहिला होता, पण कुत्र्यांचा अंदाज त्याला कधी आला नाही.

सिदू म्हणजे शिपाई सिदराम. निपाणीच्या पुढे, सदलग्याच्या वाटेवरच्या एका वाडीचा. मी खानापूरकडचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, एकाच बराकीत खाटेला खाट लावून राहिलो. तो कमी बोलायचा. त्याच्या वाटणीचं मी बोलायचो.

सुयांचा कोर्स चौदा दिवसांचा. डॉक्टर मध्येच सोडेना आणि मुंबईची बोट माझ्यासाठी थांबेना. अ‍ॅडज्युटंट साहेबांनी माझा कागद बघितला आणि हुकूम दिला, "याला कुत्रं चावलंय ना? मग याला कुत्र्यांवर लावा. हा सावध राहील."

असा मी कुत्रेखान्याचा कमांडर झालो.

पलटण निघायच्या आदल्या संध्याकाळी सिदू मला भेटायला इस्पितळात आला. मागच्या व्हरांड्यात उभा राहिला. हातात सुंभाची दोरी, दोरीच्या टोकाला एक कुत्री. फिकट तपकिरी रंग, उंच पाय, पोट पाठीला लागलेलं, तोंड लांब आणि बारीक. मुधोळकडची कारवानी, सशामागे सोडायची शिकारी जात.

"ही कुठनं आणलास रं?"

"मी न्हाय आणलो. हीच आली."

झालं होतं असं. सिदू रजा संपवून निपाणीत सर्व्हिस मोटारीत बसला. त्याची आई एकटीच. ती वाटेला लावायला आली होती आणि ही कुत्री, हरणी, तिच्याबरोबर. मोटार सुटली तशी आईने हरणीच्या गळ्यातली दोरी सोडली आणि म्हणाली, "जा. त्याच्यासंगट जा." हरणी मोटारीच्या मागे पळाली. तवंदीचा घाट चढली, संकेश्वर मागे टाकलं. सिदूच्या सांगण्याप्रमाणे मोटार बेळगावात पोचल्यावर थोड्या वेळाने ती धापा टाकत स्टँडवर आली. मी चौकशी केली आहे. ती मोटारीच्या आधी पोचली होती आणि वाट बघून कंटाळली होती.

"परत धाडायची मग," मी म्हणालो.

"कशी धाडू? आईला वाटतंय मी एकटा न्हाय म्हणून." त्याने दोरी माझ्या हातात दिली. "ही परत गेली की तिला कळंल. मी येईस्तवर तुझ्यापाशी ठिव. मीच नेऊन सोडतो."

"शिपायाला कुत्रं ठेवायची परवानगी न्हाय रं."

"तू लई बाता मारतोस की. मार एक."

एवढंच बोलणं झालं. त्याने हरणीच्या कानामागे खाजवलं आणि गेला. सकाळी बँड वाजला.

कुत्रेखाना म्हणजे किल्ल्याच्या खंदकाजवळचा जुना तबेला. लढाईवर गेलेल्या साहेबांची कुत्री तिथे ठेवली होती. प्रत्येक कप्प्यावर लाकडी पाटी, पाटीवर कुत्र्याचं आणि साहेबाचं नाव. मी एक रिकामा कप्पा झाडला, पाटी रंगवून घेतली: 'हरणी. कॅप्टन एस.'

दुसऱ्या दिवशी डेपोचे मेजरसाहेब पाहणीला आले. उंच, वाकलेले, बोलणं कमी. मेमसाहेब लढाईच्या आधीच विलायतेला गेलेल्या. साहेबांची स्पॅनियल कुत्रीही दिवसा माझ्याच ताब्यात असायची. ते हरणीच्या कप्प्यासमोर थांबले.

"ये कौन सा ब्रीड?"

"पर्शियन, साब. इराण का बादशाह ऐसाच कुत्ता पालता."

"कप्तानसाब कौन?"

"दूसरी पलटन का, साब. मिसर गया."

साहेबांनी पाटी वाचली. हरणीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "अच्छा," म्हणाले आणि पुढे गेले. अशा रीतीने शिपाई सिदराम बिनपरीक्षेचा कॅप्टन झाला. बादशहाचं कमिशन शिपायाला मिळवून देणारा लान्स नाईक अख्ख्या हिंदुस्थानात मी एकटाच.

लोक मला अजून विचारतात, परशरामभाऊ, कुठल्या जातीचं कुत्रं चांगलं? विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. मी सगळ्यांबरोबर राहिलो आहे. ऐका.

बुलडॉगपेक्षा कुरूप जनावर देवाने केलेलं नाही. आमचा ड्यूक चालताना नवरदेवाच्या मामासारखा दिसायचा, आणि घोरायचा असा की रात्रपाळीचा संत्री एकदा "हॉल्ट! लॉरी थांबवा!" म्हणून ओरडला. पण बुलडॉगइतकी सोबत कुणाची नाही. तो काही करत नाही. तुमच्या पायावर हनुवटी टेकतो आणि झोपतो. बराकीत तुमच्या ओळखीचं एकही माणूस उरलेलं नसतं, तेव्हा पायावरचं ते वजन फार उपयोगाचं असतं.

फॉक्स टेरियर म्हणजे ओल्या फटाक्यांच्या माळेतला एकटा सुका फटाका. आमचा जॅक रेशन गोदामातल्या उंदरांवर सोडला की क्वार्टरमास्टर टाळ्या वाजवायचे. त्याने एका दुपारी इतके उंदीर मारले की उरलेले खानापूरला बदली मागू लागले. त्याची गोडी अशी की त्याला उदास राहता येत नाही. तुम्ही उदास बसलात तर तो तुमचा बूट पळवतो.

अल्सेशियन रेक्स स्वतःला सुभेदार समजायचा. माझ्या पट्ट्याचं बक्कल चमकत नसेल तर तोंड फिरवायचा. त्या जातीला एक माणूस पुरतो. रेक्सचा साहेब लढाईवर गेल्यावर त्याने तीन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी मी त्याच्यासमोर त्याच्या थाळीतलं जेवलो. मग त्याने मला चार्जमध्ये घेतलं.

लॅब्रॅडोर सँडी खादाड. त्याने एकदा साबण खाल्ला आणि संध्याकाळभर फेस काढत हिंडला. पण त्याचा स्वभाव असा की शत्रू आला असता तर त्याच्या पायातला बूट काढून आणून त्यालाच दिला असता. सगळ्यांवर सारखं प्रेम करणारं कुत्रं हवं असेल तर लॅब्रॅडोर घ्या. फक्त साबण वर ठेवा.

स्पॅनियल बेट्सी मेजरसाहेबांची. लांब कान, ओले डोळे. तिच्याकडे बघितलं की वाटायचं, आपल्या घरचं काहीतरी वाईट झालंय आणि ते हिला आधी कळलंय. स्पॅनियल ऐकून घेते. तुम्ही बोलत बसा, ती मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकते. मेजरसाहेब संध्याकाळी येऊन तिच्याजवळ स्टूलावर बसायचे आणि इंग्रजीत हळू आवाजात बोलायचे. मी लांब जाऊन पाणी भरायचो.

आणि कारवानी. कारवानी लाड करून घेत नाही. हात लावला तर अंग चोरते. शेपूट हलवणं तिला हलकं काम वाटतं. पण ती पळते तेव्हा बघावं. वेंगुर्ला रोडच्या माळावर मी हरणीला सोडली की तिची सावली मागे राहायची आणि धावत येऊन तिला गाठायची. तिची नजर लांबची. आपण जिथे बघतो त्याच्या पुढच्या गावात काय चाललंय ते तिला दिसतं. रोज संध्याकाळी ती तबेल्याच्या दारात उभी राहून स्टेशनाकडे बघायची. जवळ यायची नाही, पण मी आत गेलो की दारात आडवी झोपायची. कारवानीचं प्रेम हे असं. पाठ करून केलेलं.

दिवसाचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी झाडलोट, रपेट. दुपारी भाकरी आणि खाटकाकडच्या तुकड्यांचा रस्सा. संध्याकाळी सहाला गिनती. कुत्र्यांची गिनती कुणी सांगितली नव्हती. पण बराकीत रंगरूट यायचे, तयार व्हायचे, बोटीवर जायचे. त्यांची नावं पाठ होईपर्यंत नवे आलेले असायचे. मला रोज तीच नावं घ्यायची होती.

"ड्यूक?" तो घोरायचा. हजर. "जॅक?" हजर. "रेक्स?" तो उभा राहायचा. "सँडी? बेट्सी? हरणी?" आणि शेवटी, "शिपाई सिदराम?" त्याचं उत्तर मीच द्यायचो. "ड्यूटीवर."

सगळ्यांशी मी बोलायचो ते आमच्या बोलीत. सहा-सात वर्षांत ती कुत्री जॉर्ज बादशहाची भाषा विसरून गेली. साहेब लोक पाहणीला येऊन "सिट" म्हणायचे. कुत्री माझ्याकडे बघायची. मी हळूच म्हणायचो, "बसा रं." मग बसायची. साहेब खूश.

ड्यूक म्हातारपणाने गेला, झोपेतच. घोरणं थांबलं म्हणून मला कळलं. जॅक फुरशाशी भांडला. दोघेही गेले. ड्यूकला आणि जॅकला मी खंदकाच्या कडेला पुरलं आणि पाट्या डोक्याशी लावल्या.

सिदूचं कळलं ते जखमी होऊन परतलेल्या एका हवालदाराकडून. तो माझी बिडी ओढत तबेल्याच्या पायरीवर बसला होता.

"इटलीत. नदीचा बांध हुता. पयला सिदूच चढला."

"मग?"

"मग काय."

त्याने बिडी विझवली. घरी तार गेलीय, म्हणाला. त्या संध्याकाळी गिनती घेतली. हरणीपर्यंत आलो आणि थांबलो. शेवटचं नाव घेतलं नाही. हरणी दारात उभी राहून स्टेशनाकडे बघत होती. तिला सांगायला माझ्याजवळ बोली नव्हती.

हरणीला तेव्हाच निपाणीला न्यायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी ठरवलंही होतं. पण तारेने एक बातमी दिली होती. त्यावर मी दुसरी घेऊन जायची, की तो एकटाच गेला? म्हणून ती राहिली. आणि ती गेल्यावर मला काय राहिलं असतं, ते मी मोजलं नाही.

लढाई संपली. मग स्वातंत्र्याचं साल आलं. साहेब लोक घरी निघाले. मेसमधल्या खुर्च्या, बंदुका, पियानो विकायला निघाले. उन्हाळ्याच्या शेवटी एका सकाळी सुभेदारसाहेब तबेल्यात आले.

"परशराम, उद्या सहा वाजता कुत्री खंदकापाशी आण."

"कशाला साहेब?"

"मेजरसाहेब स्वतः करणार हाईत."

मला समजलं. विलायतेला जाणाऱ्या साहेबाने आपलं म्हातारं जनावर परक्याच्या हाती द्यायचं नाही, असा त्यांचा रिवाज. बाजारात हाल होऊन मरण्यापेक्षा मालकाच्या गोळीने जावं. रेक्सच्या आणि सँडीच्या साहेबांनी मेजरसाहेबांकडून तसं वचन घेतलं होतं. बेट्सी तर त्यांचीच.

"किती कुत्री, साहेब?"

"पाटीवर साहेबाचं नाव हाय तेवढी सगळी."

सुभेदारसाहेब गेले. मी हरणीच्या कप्प्यावरची पाटी बघत उभा राहिलो. 'कॅप्टन एस.' इतकी चांगली थाप मी आयुष्यात मारली नव्हती. तिने हरणीला इतकी वर्षं जगवलं, आणि तीच आता तिला खंदकावर नेणार होती. पाटी काढून टाकावी तर सगळ्या कँपाला ती तोंडपाठ. कुत्री सोडून द्यावी तर ती स्टेशनावर जाऊन बसणार.

सकाळी सहाला चौघांना घेऊन गेलो. मेजरसाहेब आधीच आलेले. पिस्तूल पट्ट्यात. दाढी केलेली, बूट चमकवलेले. रेक्सने त्यांच्या बुटांकडे बघितलं आणि समाधानाने उभा राहिला.

मी सॅल्यूट केला. "साब, एक बात."

"बोलो."

"ये चौथी, कप्तान की नहीं, साब. सिपाई सिदराम की. गाव की कुत्ती. पर्शियन नहीं. मैं झूठ बोला."

साहेब हरणीकडे बघत राहिले. ती त्यांच्याकडे न बघता स्टेशनाकडे बघत होती.

"मैं मुधोळ में शिकार किया," ते म्हणाले. "बहुत बार. कारवानी पहले दिन पहचाना."

एक सॅल्यूट झाला होता, तरी मी दुसरा ठोकला.

"सिदराम वापस आया?"

"नहीं, साब. इटली में."

"पाटी पे कप्तान लिखा है."

"झूठ लिखा, साब."

"नहीं," साहेब म्हणाले. "कप्तान सिदराम. घर में कौन?"

"माँ, साब. निपाणी के पास."

"कप्तानसाब की कुत्ती माँ के पास ले जाओ. हुकूम है."

"जी साब."

"पहले ये काम."

ते इतर तिघांकडे वळले. "सिट," म्हणाले. एकही बसलं नाही. पुन्हा म्हणाले. तिघेही माझ्याकडे बघत होते. साहेबही माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "बसा रं."

बसली. आधी रेक्स, मग सँडी. बेट्सी शेवटी, मान तिरकी करून.

साहेबांचा नेम चांगला होता. कुणाला दुसरी गोळी लागली नाही. काम झाल्यावर त्यांनी पिस्तूल पुसलं, माझ्याकडून फावडं घेतलं आणि बेट्सीचा खड्डा स्वतः काढला. मी बाकीचे दोन काढले. त्या आठवड्यात ते गेले. मी स्टेशनावर गेलो होतो. त्यांच्याबरोबर एक ट्रंक होती आणि बेट्सीचा पट्टा.

निपाणीला परत जाणाऱ्या तंबाखूच्या लॉरीत मी आणि हरणी मागे बसलो. रिकाम्या लॉरीतही तंबाखूचा वास इतका की हरणी संकेश्वरपर्यंत शिंकत राहिली. तवंदीच्या घाटात ती उभी राहिली. आता तिच्या तोंडाला पांढरे केस आले होते. नाक वाऱ्यावर धरलं आणि घाट उतरेपर्यंत बसली नाही.

निपाणीहून पायी निघालो. वाडीच्या तोंडाशी मी दोरी सोडली. ती पळाली नाही. चालत गेली, रस्ता ठाऊक असल्यासारखी, आणि एका छपराच्या घरासमोर थांबली.

सिदूची आई अंगणात तंबाखूचा चुरा चाळत होती. तोंडाला पदर बांधलेला. तिने मान वर केली. कुत्री बघितली. माझ्याकडे बघितलं नाही. हरणीच्या मागे, रस्त्याकडे बघू लागली. बराच वेळ बघत होती. तार येऊन तीन वर्षं होत आली होती.

मग तिने चाळण खाली ठेवली. "ये गं," म्हणाली. हरणी गेली आणि तिच्याकडे पाठ करून उंबऱ्यात आडवी झाली.

"मी परशराम, मावशी. सिदूच्या खाटंशेजारचा."

"वळखलं. बस." तिने पाणी दिलं. मी प्यालो. तिने तोंडावरचा पदर सोडला. "ही त्याच्यासंगट हुती न्हवं?"

"व्हय, मावशी."

"बोटीवर बी?"

"बोटीवर बी."

"गावात समदी म्हणत्यात, शिपायाला कुत्रं न्यायला देत न्हाईत."

"शिपायाला न्हाय देत. कप्तानाला देत्यात. सिदू कप्तान हुता, मावशी. मेजरसाहेबांनी माझ्यासमोर केला."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मेजरसाहेबांनी हरणीकडे बघितलं होतं तसं. मग गुडघ्यावर हात टेकून माझ्यासमोर बसली.

"सिदू रजेवर आला की तुझंच सांगायचा. परश्या लई बाता मारतोय म्हणायचा. ऐकून ऐकून पोट दुखायचं म्हणायचा."

"व्हय, मावशी."

"मग सांग की. बोट कशी हुती, सांग."

मी समुद्र आजवर बघितलेला नाही. घाट उतरून कोकणात कधी गेलो नाही. मी बोट सांगितली. कँपापेक्षा मोठी, तीन मजली, वर धुराची चार नळकांडी, प्रत्येकात एक बैलगाडी फिरेल एवढी. सिदूची स्वतःची खोली, खोलीला खिडकी, खिडकीत हरणी. मासे उड्या मारून हरणीला बघायला यायचे, असंही सांगितलं. म्हातारी एकदा हसली. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "फुडं?"

पुढे मी संध्याकाळ सांगितली. सहा वाजता बोटीच्या माथ्यावर गिनती व्हायची. साहेबांची कुत्रीही बोटीवर होती, म्हटलं. मीच नावं घ्यायचो. ड्यूक, हजर. जॅक, हजर. रेक्स, सँडी, बेट्सी. हरणी, हजर.

मी थांबलो. उंबऱ्यातल्या हरणीने कान उभे केले. तिला त्या यादीत पुढे एक नाव असतं हे ठाऊक होतं. तीन वर्षं मी ते घेतलं नव्हतं.

"कप्तान सिदराम," मी म्हणालो.

त्याची आई म्हणाली, "हजर."